साथ आली, तर आपली रुग्णालये पुरी पडतील काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भिलाई येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाच्या गोड आठवणी काढाव्यात आणि पुढील पन्नास वर्षांसाठी शुभेच्छा द्याव्यात, अशी रीत आहे. कार्यकारिणीने आम्हांस विषयाची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही जाणूनबुजून थोडा अप्रिय विषय निवडला. मंगलप्रसंगी आजाराची भाषा का, असे कुणाच्या मनात येईल. परंतु ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत, त्या घरात सणाच्या दिवशीही औषधांची पेटी जागच्या जागी आहे ना, हे पाहिले जाते. आपले मंडळ हे असेच एक घर आहे. या परिसरातील निरनिराळ्या रुग्णालयांतून ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्या आम्हां सर्वांच्या वतीने येथे बोलावयाचे आहे. म्हणून या भाषणात ‘आम्ही’ हा शब्द वारंवार येईल.

प्रश्न साधा आहे. इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ उद्या पुन्हा आली, तर आपल्या गावची रुग्णालये तिला पुरी पडतील काय?

इन्फ्लुएन्झा म्हटले की चार दिवसांचा सर्दीताप, सुंठीचा काढा आणि अंगावर घोंगडी, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. बहुतेक वर्षी ते खरेही असते. परंतु या रोगाचा विषाणू बहुरूपी आहे. दरवर्षी तो थोडा थोडा बदलतो, आणि कधीमधी असा पालटतो की कुणाच्याही शरीरास त्याची ओळख राहत नाही. त्या वर्षी जी साथ येते ती जगभर पसरते. अशा साथी १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ या साली येऊन गेल्या. पाचवी केव्हा येईल हे कुणी सांगू शकणार नाही. येणारच नाही, असेही कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही.

१९१८ च्या साथीला आपल्या आज्या-पणज्या ‘मानमोडी’ म्हणत. त्या वर्षीच्या जून महिन्यात ती मुंबई बंदरात उतरली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी उसळली, आणि ऑक्टोबरच्या ६ तारखेस एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तेथून आगगाडीच्या रुळांनी ती देशभर गेली. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत यांना तिची झळ विशेष लागली; आणि आपण आज जेथे बसलो आहोत तो दुर्ग जिल्हा त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होता. त्या साली पाऊस रुसला होता, धान्य महागले होते, आणि अनेक सरकारी डॉक्टर महायुद्धावर गेलेले होते. हिंदुस्थानात या साथीने किती माणसे नेली, याविषयी अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ आणि १९२१ यांच्या दरम्यान देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासातील असे ते एकमेव दशक होय. मेलेल्यांत वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे फार होती, आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक. दुखणेकऱ्याची शुश्रूषा करणारी स्त्री स्वतः आजारी पडली की तिच्या तोंडात पाणी घालावयास कुणी उरत नसे.

त्या काळी रुग्णालये होतीच किती! त्यामुळे जे काही निभावले ते बहुतांशी रुग्णालयाबाहेर निभावले. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातीजातींची मंडळे आणि स्वयंसेवकांची पथके चाळीचाळींतून औषध व दूध घेऊन फिरली. ही गोष्ट आपण मनात ठेवावी. शेवटी आम्ही पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

आता २००९ कडे वळू. त्या वर्षीच्या मे महिन्यात नव्या इन्फ्लुएन्झाचा देशातील पहिला रुग्ण हैदराबादेस आढळला. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली, आणि ३ ऑगस्ट रोजी देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. पुढचे काही दिवस पुणे भीतीने झपाटल्यासारखे झाले. शाळा व चित्रपटगृहे बंद झाली, तोंडावर बांधावयाचे मास्क मिळेनासे झाले, आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या.

त्या रांगांकडे वैद्यकाच्या नजरेने पाहिले, तर एक धडा मिळतो. तेथे उभ्या असलेल्या शंभर माणसांत खरोखर दाखल करण्याजोगी फार थोडी होती. कित्येकांना साधे पडसे होते, कित्येकांना केवळ भीती. परंतु शंभरही जण एकाच दारापाशी उभे राहिले, म्हणजे डॉक्टरांचा दिवस त्या थोडक्यांना शोधण्यातच संपतो, आणि ज्याला नुसती भीती होती तोही तेथून आजार घेऊन घरी जातो. पुण्यासारख्या, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ज्याच्या अंगणात आहे अशा शहराची ही कथा. सुदैवाने ती साथ १९१८ च्या मानाने सौम्य निघाली. तरीही तो विषाणू निघून गेला नाही. २०१५ साली त्याच जातीच्या तापाने देशात सुमारे ४३ हजार नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ तीन हजार दगावले, आणि त्या वर्षी राजस्थान व गुजरात यांना मोठा फटका बसला.

२०२० साली आला तो करोना. तो इन्फ्लुएन्झा नव्हे, विषाणूचे कूळच निराळे. परंतु श्वासातून पसरणारी साथ रुग्णालयाचे काय करते, हे आपण त्यात डोळ्यांनी पाहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुर्ग जिल्हा देशातील अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. ६ तारखेपासून जिल्ह्यात कडक टाळेबंदी लागली. खाटांसाठी माणसे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होती.

आणि या सगळ्यात एक विलक्षण गोष्ट होती. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यापासून हे गाव पोलादावर जगते. पोलाद करावयास प्राणवायू लागतो, म्हणून आपल्या कारखान्यात तो हवेतून वेगळा काढला जातो. देशाला २०२१ साली जेव्हा वैद्यकीय प्राणवायूची विवंचना पडली, तेव्हा भिलाईचा द्रव प्राणवायू महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि इतर राज्यांकडे गेला. त्याच महिन्यात कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली प्राणवायूगाडी नागपूर-रायपूरमार्गे विशाखापट्टणमला गेली आणि भरून नागपूर व नाशिकला परतली. आपल्यापैकी कित्येकांची माहेरे आणि मुलेबाळे त्या गावांत आहेत. येथून निघालेला वायू आपल्याच कुणा आप्ताच्या उशापाशी पोहोचला असेल, हा विचार त्या दिवसांत फार धीर देई.

तथापि प्राणवायू गावात तयार होतो म्हणून गावचा रुग्ण वाचतो असे नाही, हेही आपण तेव्हाच शिकलो. द्रव प्राणवायू उणे १८३ अंशांवर ठेवावा लागतो. तो न्यावयास खास टँकर लागतात. देशात ते मोजकेच होते, म्हणून नायट्रोजनचे टँकरही त्या कामास जुंपावे लागले. रुग्णालयात टाकी लागते, खाटेपर्यंत नळ लागतात, आणि त्या खाटेशी रात्रभर जागणारे एक माणूस लागते. या साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांचा उपयोग नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागली, आणि प्राणवायूचा दाब घटून २२ रुग्ण प्राणास मुकले.

आता थोडे गणित करू. २०११ च्या जनगणनेनुसार दुर्ग-भिलाई नागरी समूहाची लोकसंख्या १० लाख ६४ हजार होती. हिशेबासाठी दहा लाखच धरू. नव्या इन्फ्लुएन्झाने दोन महिन्यांत यांतील चौथा हिस्सा आजारी पडला, म्हणजे अडीच लाख. त्यांतील शंभरात एकालाच रुग्णालयाची गरज लागली, असे सौम्यात सौम्य धरू; ते झाले अडीच हजार. प्रत्येक जण आठवडाभर राहिला, तर सरासरीने रोज सुमारे तीनशे खाटा लागतील. परंतु साथ सरासरीने चालत नाही, ती उसळते. लाटेच्या माथ्यावर हा आकडा सहज सहाशेच्या पुढे जाईल. आणि साथ क्रूर निघाली, शंभरात चौघांना दाखल करावे लागले, तर याच हिशेबाने अडीच हजार खाटा एकाच वेळी लागतील.

आपल्यापाशी आहे काय? २०२० साली केलेल्या एका अंदाजानुसार सरकारी व खासगी मिळून देशात सुमारे १९ लाख खाटा, ९५ हजार अतिदक्षता खाटा आणि ४८ हजार व्हेंटिलेटर होते. त्या सरासरीने दहा लाख वस्तीच्या वाट्याला १,४०० खाटा, सत्तर अतिदक्षता खाटा आणि पस्तीस व्हेंटिलेटर येतात. कारखान्यामुळे आपले गाव सरासरीपेक्षा बरे असेल. परंतु आसपासची शेकडो खेडीही याच दारांशी येतात. शिवाय या खाटा रिकाम्या नसतात. बाळंतिणी, अपघात, हृदयविकार, डायलिसिस ही कामे साथ आली म्हणून थांबत नाहीत. चारांपैकी एक खाट मोकळी मिळाली, तरी हाती साडेतीनशे उरतात. म्हणजे सौम्य साथीतही माथ्याच्या आठवड्यात आपण उणे पडतो.

प्राणवायूचा हिशेबही पाहा. मिनिटाला दहा लिटर वायू लागणारा रुग्ण दिवसाला १४,४०० लिटर घेतो. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर मावतात. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोन सिलिंडर, शंभरांना दोनशे. ते उचलणारे हात कुठले?

खाटा वाढविता येतात. २०२१ नंतर देशभर रुग्णालयांत हवेतून प्राणवायू काढणारी यंत्रे बसली. पीएम केअर्स निधीतूनच बाराशेहून अधिक. महाराष्ट्रातील नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने तर पहिली लाट ओसरत असताना, इतर निर्धास्त असताना, अशी यंत्रे बसविण्यास प्रारंभ केला आणि दुसऱ्या लाटेत त्याचे फळ मिळविले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु परिचारिका यंत्रासारखी मागविता येत नाही. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाशी एक परिचारिका ठेवावयाची, तर तीन पाळ्या व सुट्ट्या धरून एका खाटेमागे चार-पाच जणी लागतात. त्या घडण्यास वर्षे जातात. आणि साथीत त्याही आजारी पडतात. त्यांच्याही घरी सासू-सासरे आणि लहान मुले असतात. आमच्या सहकाऱ्यांपैकी काही जणींनी त्या एप्रिलमध्ये आठ-आठ दिवस घरचा उंबरठा पाहिला नाही. भिंती, यंत्रे आणि वायू यांच्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ येते. मनुष्यबळाचा हा तुटवडा मात्र रात्री दोन वाजता वॉर्डात उभे राहिल्यावाचून कळत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे: रुग्णालये एकटी पुरी पडणार नाहीत. येथली नाहीत, पुण्याची नाहीत, मुंबईची नाहीत. परंतु शंभर आजाऱ्यांतील पंचाण्णव जण घरीच नीट सांभाळले गेले, आणि उरलेले पाच वेळेवर, ना फार लवकर ना फार उशिरा, दाराशी आले, तर रुग्णालये बव्हंशी निभावून नेतील. निकाल लागतो तो पुष्कळसा रुग्णालयाच्या फाटकाबाहेर.

आणि येथेच आपल्यासारख्या परमुलखी वसलेल्यांचा प्रश्न विशेष बिकट होतो. गावाकडे माणूस आजारी पडले की भावकी धावते. येथे कोण? आपल्या पिढीने नोकरीनिमित्त येथे घर केले. मुले शिकून पुण्या-बंगळुराला, काही परदेशी गेली. सेक्टरातल्या कितीतरी घरांत आज दोघेच राहतात, आणि काही घरांत एकच.

२०२१ मधील दोन प्रसंग सांगतो. एका घरी सत्तरीपुढचे जोडपे तापाने पडले होते. मंडळातील दोन तरुण मुले दारात डबा ठेवीत आणि सकाळ-संध्याकाळ दुरूनच विचारीत, “काका, बोटावरच्या यंत्रात आकडा किती?” तिसऱ्या सायंकाळी काका म्हणाले, “एक्क्याण्णव दाखवतोय, पण मला काही त्रास नाही रे.” मुलांनी ऐकले नाही, तासाभरात त्यांना रुग्णालयात आणले. काका बरे होऊन घरी गेले. दुसऱ्या घरी एक बाई एकट्याच होत्या. आजाराची वाच्यता नको, शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून त्या पाच दिवस गप्प राहिल्या. सहाव्या दिवशी त्यांना आणले तेव्हा आमच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. दोन्ही घरांना त्या रात्री खाट मिळाली होती. अंतर पडले ते खाटेमुळे नव्हे.

मंडळाच्या सभासदांची वही आम्ही नंतर चाळली. त्या बाईंची वर्गणी कधी थकली नव्हती. कोणत्या साली किती दिले, सारे नोंदलेले होते. त्या एकट्या राहतात, ही नोंद मात्र कुठे नव्हती. हा दोष कुणा एका चिटणीसाचा नाही. तो आपणा सर्वांचा आहे, आणि त्यात आम्हीही आलो.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची मंडळाकडे चार मागणी आहेत. पैसा फारसा लागणार नाही. पहिली, सभासदांची नवी वही करावी, आणि तीत घरात कोण एकटे, कुणाला दमा, मधुमेह वा हृदयविकार, आणि अडीअडचणीस कुणाला फोन करावयाचा, हे त्यांच्या संमतीने लिहावे. ती वही दरवर्षी गणेशोत्सवात पुन्हा तपासावी. दुसरी, प्रत्येक सेक्टरात दोन-तीन स्वयंसेवक नेमावेत आणि त्यांना ताप व श्वास मोजणे, बोटावरचे यंत्र वापरणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवावे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, भ्रम होणे, उतरलेला ताप पुन्हा उसळणे, मुलाने पाणीही न पिणे आणि प्राणवायूचा आकडा ९४ च्या खाली येणे, ही ती लक्षणे. एवढे पाठ असले तरी पुष्कळ झाले. शिकविण्यास आम्ही विनामूल्य येऊ. तिसरी, डब्यांची पाळी आधीच ठरवून ठेवावी. ज्या मंडळाला अकरा दिवस प्रसादाची पाळी लावता येते, त्याला हे जड नाही.

चौथी मागणी लशीची. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे हा ताप पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात वाढतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी एक दिवस ठरवून वडीलधारी मंडळी, गरोदर स्त्रिया आणि जुनाट आजार असणारे यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती टोचून घ्यावी. नवा विषाणू आला तर जुनी लस त्याच्यावर चालेलच असे नाही. नवी बाजारात यावयास चार-सहा महिने लागतात. परंतु दरसालच्या तापाने जे रुग्ण रुग्णालयात येतात ते कमी झाले, तर तेवढ्या खाटा व तेवढे हात मोकळे राहतात.

हे सारे उद्याच लागेल असे नाही. परंतु खुणा दिसत असतात. पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाचा देशातील पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालनांत झाला, आणि २०२५ च्या आरंभी तो आपल्याच छत्तीसगडमध्ये रायगडला आढळला. तो माणसामाणसांत सहज पसरत नाही. न पसरो, हीच प्रार्थना. प्रार्थनेबरोबर वहीही तयार असावी, एवढेच आमचे म्हणणे.

१९१८ साली आपल्या पूर्वजांपाशी लस नव्हती, प्राणवायू नव्हता, पुरेशी रुग्णालये नव्हती. दूध व औषध घेऊन चाळीचा जिना चढणारी माणसे मात्र होती. आज पहिल्या तीन गोष्टी काही प्रमाणात तरी आहेत. चौथी आपण राखली आहे काय, याचे उत्तर कोणतेही रुग्णालय देऊ शकत नाही. ते मंडळानेच द्यावयाचे आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी एका क्वार्टरच्या अंगणात सतरंजी पसरून मंडळाची पहिली सभा भरविली, त्यांना परक्या गावात आपले माणूस हवे होते, एवढेच. तेच आजही हवे आहे.